डिस्क १०० टक्के दिसते, मग नवी घ्यायची का?

लिनक्स सर्व्हर सांभाळणारे वाचक एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारतात. ‘आयओस्टॅट’ चालवले की डिस्कच्या ओळीतला शेवटचा रकाना, ‘%युटिल’, ९८-१०० दाखवतो. मग डिस्कची ताकद संपली असे समजून नव्या एनव्हीएमईची किंवा मोठ्या क्लाउड व्हॉल्यूमची मागणी नोंदवायची का? याच्या उलट तक्रारही तितकीच नेहमीची आहे: युटिल जेमतेम ३० आहे, डॅशबोर्डवर सगळे हिरवे आहे, आणि तरीही डेटाबेस अडखळतो. दोन्ही गोंधळांचे मूळ एकच. डिस्क किती वेळ कामात होती ते आपण पाहतो, पण एकेका विनंतीला किती थांबावे लागले ते पाहायचे राहून जाते. अ‍ॅप्लिकेशनला डिस्कच्या व्यस्ततेशी काही देणेघेणे नसते. मागितलेले कधी मिळाले एवढेच त्याला कळते. म्हणून निर्णय प्रतीक्षेच्या आकड्यावर घ्या आणि बाकीचे आकडे त्या प्रतीक्षेचे कारण शोधायला वापरा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. ते का पटावे आणि प्रत्यक्षात कसे करावे, ते पुढे क्रमाने पाहू.

‘%युटिल’ नेमके काय मोजते

लिनक्सचे कर्नल प्रत्येक डिस्कचा हिशेब ‘/प्रॉक/डिस्कस्टॅट्स’ या फाइलमध्ये ठेवते: किती रीड, किती राइट, किती सेक्टर, किती वेळ. आयओस्टॅट ही फाइल ठरावीक अंतराने वाचते आणि वजाबाकी करून आकडे दाखवते. त्यातला एक मोजक आहे ‘किमान एक तरी विनंती बाकी होती असा एकूण वेळ’. युटिल निघते ते याच मोजकावरून. पोस्टात एकच खिडकी असेल आणि तिच्यासमोर सतत कोणीतरी उभे असेल, तर ती खिडकी भरली हे खरे. पण ३२ खिडक्यांच्या पोस्टात एकाच खिडकीवर दिवसभर एकामागून एक माणूस येत राहिला, तरी हा हिशेब पोस्ट १०० टक्के व्यस्त असल्याचेच सांगेल. साटा डिस्कची एनसीक्यू रांग ३२ विनंत्यांची असते, तर एनव्हीएमईचे प्रमाण हजारो समांतर रांगांना मुभा देते. समजा, एक प्रोसेस एकामागून एक रीड करते आहे आणि प्रत्येक रीडला ०.१ मिलिसेकंद लागतो. सेकंदाला १०,००० रीड होतील आणि युटिल १०० दिसेल. त्याच डिस्कवर १६ प्रोसेस एकदम आल्या, तर काम कितीतरी पट होऊ शकते आणि युटिल तरीही १०० च राहील. जो आकडा या दोन स्थितींत फरक करू शकत नाही, त्यावर खरेदीचा निर्णय कसा टेकवायचा? समांतर काम करणाऱ्या रेड अ‍ॅरे आणि आधुनिक एसएसडीसाठी हा आकडा क्षमतेची मर्यादा दाखवत नाही, असा इशारा आयओस्टॅटच्या मॅन पेजमध्येच छापलेला आहे.

यावर एक रास्त आक्षेप असा की एकट्या फिरत्या हार्ड डिस्कसाठी तरी युटिल खरे बोलते. बोलते, पण अर्धेच. ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, म्हणजे हवा तो सेक्टर हेडखाली येण्याची सरासरी प्रतीक्षा ४.२ मिलिसेकंद. त्यात हेड सरकण्याचे साधारण ८ मिलिसेकंद धरले, तर इकडेतिकडे विखुरलेल्या विनंत्या सेकंदाला ८०च्या आसपासच पूर्ण होतात. प्रत्येक विनंती ४ किलोबाइटची असेल, तर वेग सेकंदाला अवघा ३२० किलोबाइट भरतो. तीच डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट सहज देते. दोन्ही वेळा युटिल १०० च्या जवळ. डिस्क भरली हे कळले, पण कशाने भरली ते कळले नाही, आणि उपाय तर त्यावरच ठरतो. विखुरलेल्या रीडवर मेमरी वाढवणे किंवा एसएसडी हा उपाय आहे. सलग बॅकअपवर वेळापत्रक बदलणे पुरते.

आधी ठरवा: अडचण डिस्कचीच आहे का?

सर्व्हर मंदावला की पहिली नजर लोड अ‍ॅव्हरेजवर जाते, आणि दुसरी ‘आयओवेट’वर. दोघांवरही थेट विश्वास ठेवू नका. लिनक्समध्ये १९९३ पासून लोड अ‍ॅव्हरेजमध्ये ‘डी’ अवस्थेतल्या, म्हणजे मधेच उठवता न येणाऱ्या झोपेत असलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. त्यामुळे सीपीयू रिकामा असूनही लोड ४० दिसू शकतो. अशा प्रोसेस डिस्कसाठी थांबल्या असतील, किंवा कोलमडलेल्या एनएफएससाठीही. आयओवेटचे दुखणे वेगळे आहे. सीपीयू रिकामा असताना डिस्कची एखादी विनंती बाकी असेल, तर तो रिकामा वेळ आयओवेटच्या खात्यात जातो. त्याच सर्व्हरवर सीपीयू खाणारे दुसरे काम सुरू करा. रिकामा वेळच न उरल्याने आयओवेट शून्याकडे घसरेल, आणि डिस्क होती तितकीच संथ असेल. थोडक्यात, आयओवेट जास्त असेल तर तपास करावा, पण तो कमी असल्यामुळे डिस्क निर्दोष ठरत नाही.

यापेक्षा भरवशाचे साधन लिनक्स ४.२० पासून, म्हणजे २०१८ च्या डिसेंबरपासून उपलब्ध आहे. ‘/प्रॉक/प्रेशर/आयओ’ ही फाइल उघडा. तिच्यात दोन ओळी असतात. ‘सम’ ही ओळ एक तरी काम आयओसाठी अडकून होते असा वेळ टक्क्यांत सांगते. ‘फुल’ ही ओळ सगळीच कामे अडकून पडली होती असा वेळ सांगते. गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासऱ्या शेजारीच असतात. हे मोजमाप मुळातच प्रतीक्षेचे आहे, म्हणून सुरुवात इथून करावी. काही वितरणांमध्ये ही सोय बंद असते; तेव्हा बूट करताना ‘पीएसआय=१’ द्यावे लागते. प्रेशर नगण्य असेल, तर डिस्क सोडा आणि सीपीयू, लॉक किंवा नेटवर्क तपासा.

आयओस्टॅट वाचण्याची पद्धत

आयओस्टॅट ‘सिसस्टॅट’ या पॅकेजमधून येते. ‘-एक्स’ हा पर्याय आणि ५ सेकंदांचे अंतर देऊन चालवा. पहिला अहवाल सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो. तीन महिने चालू असलेल्या यंत्राची ती सरासरी आत्ताच्या त्रासाबद्दल काहीच सांगत नाही. तो टाकून द्या, किंवा ‘-वाय’ हा पर्याय देऊन तो येऊच देऊ नका. मग रकाने या क्रमाने वाचा:

- आर_अवेट आणि डब्ल्यू_अवेट: एका रीडला व एका राइटला लागलेला सरासरी वेळ, मिलिसेकंदांत. यात रांगेतली प्रतीक्षा आणि डिस्कवरचे प्रत्यक्ष काम दोन्ही येतात.
- एफ_अवेट: फ्लशला, म्हणजे डिस्कच्या कॅशमधला डेटा पक्का उतरवायला, लागलेला वेळ. कर्नल ५.५ पासून मिळतो. डेटाबेस चालवत असाल, तर हा रकाना विसरू नका.
- एक्यू-एसझेड: रांगेत आणि डिस्कवर मिळून सरासरी किती विनंत्या होत्या.
- आर/एस आणि डब्ल्यू/एस: सेकंदाला पूर्ण झालेल्या रीड आणि राइट.
- आरएरेक-एसझेड आणि डब्ल्यूएरेक-एसझेड: एका विनंतीचा सरासरी आकार, किलोबाइटमध्ये. ४ ते १६ असेल तर काम बहुधा विखुरलेले. शेकड्यांत असेल तर सलग.
- %युटिल: सर्वांत शेवटी पाहा. डिस्क रिकामी होती की नाही, एवढ्यापुरताच.

जुन्या मार्गदर्शिकांत ‘एसव्हीसीटीएम’ नावाचा रकाना पाहायला सांगितलेले असते. तो आकडा युटिलवरूनच काढलेला होता, म्हणून समांतर डिस्कवर निरर्थक ठरला. सिसस्टॅटच्या १२व्या मालिकेत तो काढूनच टाकला आहे. तुमच्या यंत्रावर तो दिसत नसेल, तर काही बिघडलेले नाही.

हे आकडे एकमेकांशी जुळतात का, हेही तपासता येते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम इथे थेट लागू पडतो: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे सेकंदाला होणारी कामे गुणिले प्रत्येकाचा सरासरी वेळ. सेकंदाला ३,००० विनंत्या आणि अवेट १० मिलिसेकंद असेल, तर रांगेत सरासरी ३० विनंत्या असणार. आता खरा उपयोग पाहा. रांग १५ वरून ३० झाली, अवेट दुप्पट झाला, आणि सेकंदाला पूर्ण होणारी कामे मात्र ३,००० वरच अडली, तर क्षमतेची भिंत गाठली गेली आहे. रांग वाढताना पूर्ण होणारी कामेही वाढत असतील आणि अवेट जवळपास तेवढाच असेल, तर डिस्क अजून आरामात आहे. मग युटिल काहीही म्हणो.

अवेट वाढला म्हणजे दोष डिस्कचाच असतो का?

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. अवेटमध्ये रांगेतला वेळ धरलेला असल्याने, एखाद्या अ‍ॅप्लिकेशनने एकदम हजार विनंत्या ओतल्या तर चांगल्या डिस्कचाही अवेट फुगतो. शिवाय राइट बहुतेक वेळा आधी मेमरीतल्या पेज कॅशमध्ये जातात आणि कर्नल त्या नंतर सवडीने डिस्कवर उतरवते. तेव्हा डब्ल्यू_अवेट ५० मिलिसेकंद दिसला, तरी वापरकर्त्याला काही जाणवलेले नसू शकते. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच प्रतीक्षा पाहताना ती कोण सोसत आहे हे विचारायला हवे. रीडची प्रतीक्षा जवळजवळ नेहमी कोणीतरी सोसत असते, कारण डेटा हाती आल्याशिवाय प्रोसेस पुढे जात नाही. साध्या राइटची प्रतीक्षा कॅश झाकते, पण ती अमर्याद नाही: डर्टी पेजेस, म्हणजे डिस्कवर उतरायची बाकी असलेली पाने, ठरलेल्या मर्यादेला भिडली, म्हणजे ‘व्हीएम.डर्टी_रेशो’च्या नेहमीच्या २० टक्क्यांवर पोचली, की राइट करणाऱ्या प्रोसेसलाच थांबवले जाते. फ्लशची प्रतीक्षा मात्र थेट लागते. पोस्टग्रेएसक्यूएलसारखा डेटाबेस नेहमीच्या सेटिंगमध्ये कमिट झाल्याचे तेव्हाच सांगतो, जेव्हा त्याचा लॉग डिस्कवर पक्का पोचलेला असतो. वीज गेली तरी डेटा राखणारे कपॅसिटर नसलेल्या स्वस्त एसएसडी इथेच उघड्या पडतात. त्यांचे रीड वेगवान, युटिल कमी, आणि तरी प्रत्येक कमिटला खोळंबा.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी आर_अवेट, मग एफ_अवेट, आणि डब्ल्यू_अवेट सर्वांत शेवटी. ‘चांगला’ आकडा किती, याला एकच उत्तर नाही. फिरत्या डिस्कवर १०-१५ मिलिसेकंद नेहमीचे; साटा एसएसडीवर एक मिलिसेकंदाच्या आतबाहेर; स्थानिक एनव्हीएमईवर एक मिलिसेकंददेखील खटकायला हवा. या ठोकताळ्यांपेक्षा तुमच्याच सर्व्हरचा शांत दिवसाचा आकडा मोलाचा, कारण तुलना त्याच्याशी करायची असते.

सरासरी काय लपवते

शंभर रीडपैकी ९९ अर्ध्या मिलिसेकंदात झाले आणि एकाला २०० मिलिसेकंद लागले, तर सरासरी अडीच मिलिसेकंद येते. आकडा निरुपद्रवी दिसतो. पण एखादे वेब पान तयार करायला ५० रीड लागत असतील, तर दर पाच पानांपैकी जवळपास दोघांना तो २०० मिलिसेकंदांचा फटका बसू शकतो. आयओस्टॅट हा फटका दाखवू शकत नाही, कारण तिच्याकडे फक्त बेरजा असतात. अशा वेळी ‘बीसीसी’ संचातले ‘बायोलेटन्सी’ हे साधन वापरा. ते कर्नलमध्येच प्रत्येक विनंतीचा वेळ मोजून आलेख छापते: किती विनंत्या कोणत्या टप्प्यात पडल्या. आलेखात दोन वेगळे उंचवटे दिसले, तर एक कॅशचा आणि दुसरा खऱ्या डिस्कचा असण्याची शक्यता मोठी. एकेक संथ विनंती कोणत्या प्रोसेसची होती, ते ‘बायोस्नूप’ सांगते.

काम कोण करत आहे

- ‘पिडस्टॅट -डी’ प्रत्येक प्रोसेसचे रीड व राइट किलोबाइटमध्ये दाखवते. ‘आयओटॉप’ तेच क्रमवारी लावून दाखवते.
- राइटच्या बाबतीत नाव नेहमी मूळ प्रोसेसचेच येईल असे नाही. कॅशमधला डेटा कर्नलचे धागे उतरवतात, म्हणून आयओस्टॅटमधला राइटचा लोंढा आणि प्रोसेसचे आकडे त्याच क्षणी जुळत नाहीत. थोड्या मोठ्या अंतराने तुलना करा.
- कर्नल ५.१४ पासून प्रोसेसनिहाय विलंबाची नोंद मुळात बंद असते. आयओटॉपमध्ये टक्क्यांचा रकाना रिकामा दिसला, तर ‘कर्नल.टास्क_डीलेअ‍ॅक्ट’ हे सेटिंग १ करा.
- कोणीच दिसत नसेल, तर वेळापत्रक तपासा. डेबियनवर सॉफ्टवेअर रेडची पडताळणी महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू होते. एसएसडीची साफसफाई करणारा ‘एफएसट्रिम’चा टायमर दर सोमवारी चालतो. रेडची स्थिती ‘/प्रॉक/एमडीस्टॅट’मध्ये दिसते.

नोंद आधीपासून ठेवा

त्रास झाल्यानंतर मोजायला बसलात तर तुलना कशाशी करणार? सिसस्टॅटमधलेच ‘सार’ दर दहा मिनिटांनी आकडे साठवते, आणि ‘सार -डी’ने मागच्या दिवसांचे डिस्कचे आकडे वाचता येतात. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेज टाकले तरी साठवण बहुधा बंदच असते. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/सिसस्टॅट’मध्ये ती चालू करावी लागते. प्रोमिथियस आणि ग्राफाना आधीच आहेत, मग याची गरज काय, असे कोणी म्हणेल. जरूर तेच वापरा; पण तयार डॅशबोर्डवर ठळकपणे मांडलेला डिस्कचा आलेख पुष्कळदा युटिलचाच असतो, कारण तोही त्याच मोजकावरून काढलेला. रीडला लागलेल्या वेळाला रीडच्या संख्येने भागून अवेटचा आलेख स्वतः जोडा आणि सूचना त्यावर लावा.

लिनक्स नसेल तर

- फ्रीबीएसडी: ‘जीस्टॅट -पी’. रीड आणि राइटचे मिलिसेकंद वेगळे मिळतात, रांगही दिसते. ‘%बिझी’ हा रकाना युटिलसारखाच समजा.
- सोलारिस आणि इल्युमॉस: ‘आयओस्टॅट -एक्सएन’. यजमानाच्या रांगेतला वेळ आणि डिस्ककडे गेल्यावरचा वेळ इथे दोन वेगळ्या रकान्यांत मिळतो. ही सोय मोठी आहे.
- एआयएक्स: ‘आयओस्टॅट -डी’, मोठ्या लिपीतला डी. सरासरीबरोबर किमान आणि कमाल वेळही देते.
- झेडएफएस कुठेही असेल तर: ‘झेडपूल आयओस्टॅट’ला ‘-एल’ दिल्यास विलंब, आणि ‘-डब्ल्यू’ दिल्यास वितरणाचा आलेख.

क्लाउड, कंटेनर आणि तुमचे हक्क

भाड्याच्या सर्व्हरवर भिंत बहुतेकदा डिस्कची नसून कराराची असते. एडब्ल्यूएसच्या जीपी३ व्हॉल्यूमला मूळ किमतीत ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ मेगाबाइट मिळतात. जुन्या जीपी२ मध्ये प्रत्येक जीबीमागे ३ आयओपीएस आणि वर ३,००० पर्यंतची तात्पुरती उसळी. १०० जीबीच्या व्हॉल्यूमची उसळीची शिल्लक संपली की क्षमता ३०० वर येते. सकाळी वेगवान आणि दुपारी रेंगाळणारा सर्व्हर दिसला, तर आधी ही शिल्लक पाहा. मर्यादा व्हॉल्यूमला असते तशी व्हर्च्युअल मशीनलाही असते. दोन्ही तपासल्याशिवाय महागडे व्हॉल्यूम घेऊ नका.

काय पाहायचा अधिकार कोणाला, हेही माहीत असू द्या. ‘/प्रॉक/डिस्कस्टॅट्स’ आणि आयओस्टॅट साध्या वापरकर्त्यालाही वाचता येतात. आयओटॉप, बायोलेटन्सी आणि स्मार्टसीटीएल यांना रूटचे अधिकार लागतात. कंटेनरच्या आतून दिसणारे डिस्कचे आकडे साधारणपणे संपूर्ण यजमानाचे असतात. स्वतःपुरते आकडे सीग्रुप व्ही२ मधल्या ‘आयओ.स्टॅट’ आणि ‘आयओ.प्रेशर’ या फाइलींत मिळतात. सेवा देणाऱ्याकडे तक्रार करताना हे मागा आणि हे द्या:

- करारातील आयओपीएस व थ्रूपुटची मर्यादा, उसळीचे नियम आणि मर्यादा लागू झाल्याच्या वेळा लेखी मागा.
- तुमच्या बाजूने अवेट, रांग आणि पूर्ण झालेली कामे यांची नोंद वेळेसह द्या. वेळ भारतीय की यूटीसी, ते स्पष्ट लिहा.
- मर्यादेच्या खूप आत असूनही अवेट चढला असेल, तर नुसत्या ‘स्लो आहे’पेक्षा तेवढीच नोंद जास्त काम करते.

टाळायच्या चुका

- ‘डीडी’ने शून्ये लिहून वेग मोजणे. तो आकडा पुष्कळदा मेमरीचा असतो. निदान ‘कॉन्व्ह=एफडेटासिंक’ तरी द्या.
- ‘एफआयओ’ची राइट चाचणी थेट डिस्कवर चालवणे. डेटा पुसला जातो. चाचणी वेगळ्या फाइलवर करा, आणि चालत्या सर्व्हरवर गर्दीच्या वेळी तर करूच नका.
- मंदपणा हा बिघाडाचा इशारा असू शकतो हे विसरणे. ‘स्मार्टसीटीएल’मध्ये ५, १९७ आणि १९८ क्रमांकांचे आकडे वाढत असतील, तर मोजमाप थांबवा आणि आधी बॅकअप घ्या. १९९ वाढत असेल, तर केबल तपासा.

निर्णय कसा घ्यावा

१. प्रेशर कमी, अवेट नेहमीचा, युटिल १००: काहीही खरेदी करू नका.
२. आर_अवेट चढलेला, विनंत्या लहान: आधी क्वेरी, इंडेक्स आणि मेमरी पाहा, मग एसएसडी.
३. एफ_अवेट चढलेला: वीज जाण्यापासून संरक्षण असलेली एसएसडी, किंवा कमिट एकत्र करणे.
४. रांग वाढते, कामे एका ठरावीक आकड्यावर अडतात: भिंत गाठली. क्लाउडमध्ये असाल तर आधी मर्यादा वाढवा.
५. ठरावीक वेळीच त्रास: बॅकअप, पडताळणी आणि अहवाल यांच्या वेळा एकमेकांपासून दूर करा.
६. एकाच डिस्कचा अवेट तिच्या जोडीदारांपेक्षा वेगळा: ती डिस्क बदलण्याची तयारी करा.

या सहांपैकी नवी डिस्क हा उत्तराचा भाग तीन-चार ठिकाणीच येतो, आणि तिथेही ती पहिली पायरी असतेच असे नाही. युटिलवरून या सहा स्थिती वेगळ्या करता येत नाहीत; अवेट, रांग आणि पूर्ण झालेली कामे एकत्र वाचली तर येतात. खरेदीच्या मागणीसोबत हे तीन आकडे, शांत दिवसाचे आणि त्रासाच्या दिवसाचे, जोडण्याचा नियम स्वतःला आणि तुमच्या कार्यालयाला लावून घ्या. आकडे जोडता येत नसतील, तर मागणी अजून तयार झालेली नाही.